दर्शक शब्द आणि वर्णक शब्द : प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीताध्यापनाचा भाषिक विचार

१

वाद्यवादन किंवा गायन हा ज्याचा पेशा आहे आणि अध्यापन हे ज्याचे नियत कर्तव्य आहे, अशा कलावंताची स्थिती इतर विषयांच्या अध्यापकाहून मूलतः वेगळी असते. इतिहासाचा अध्यापक जे जाणतो ते तो वाक्यांत सांगू शकतो. कलावंत जे जाणतो त्याचा फार मोठा भाग त्याच्या बोटांत, ओठांत किंवा गळ्यात असतो. तो भाग वर्गात न्यावयाचा तर त्याला शब्दांचा आश्रय करावा लागतो आणि शब्दांत शिरताच त्या ज्ञानाचे स्वरूप पालटते. किती पालटते व त्यात काय निसटते, हा केवळ संगीताचा प्रश्न नव्हे. तो भाषेच्या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा प्रश्न आहे.

पाश्चात्य संगीतातील एक उदाहरण हा प्रश्न स्पष्ट करण्यास उपयोगी पडेल. ओबो हे आपल्या सनईचे दूरचे भावंड. बोरूच्या दोन पातळ पट्ट्या एकत्र बांधून केलेल्या पत्तीतून त्याचा स्वर निघतो. वाद्यवृंद सुरात लावताना सर्वजण ओबोच्या स्वराकडे कान लावतात. ही पत्ती बहुतेक वादक स्वतः तासतात. ती किती तासावी हे पुस्तकात लिहिता येते, पण कोठे थांबावे हे पुस्तक सांगू शकत नाही. मार्सेल ताब्युतो हा फ्रेंच ओबोवादक १९१५ पासून १९५४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात प्रमुख ओबोवादक होता व त्याच शहरातील कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये तीस वर्षे अध्यापक होता. स्वरवाक्यात प्रत्येक स्वराला किती भार द्यावा हे शिष्यांना समजावे म्हणून तो स्वरांना आकडे देत असे. जे एरवी केवळ वाजवून दाखवावयाचे, त्याला त्याने बोलता येईल अशी एक परिभाषा शोधली. वादक आणि अध्यापक या दोन भूमिकांच्या सांध्यावर जन्मलेली ही युक्ती होय.

मुंबईत हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगळ्या रूपाने उभा राहिला. येथे वाद्य होते मानवी कंठ आणि स्थळ होते गिरगाव. प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी १९२५ साली स्थापन केलेले ‘देवधर्स स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’, त्यांचे लेखन आणि बनारसच्या हिंदू विद्यापीठातील त्यांचे प्राचार्यपद हे तीन टप्पे एकत्र पाहिले असता, या प्रश्नाची उकल करण्याचा एक दीर्घ व सुसंगत प्रयत्न दृष्टीस पडतो. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा भाषेच्या अंगाने विचार केला आहे.

२

प्रारंभी एका उपाधीकडे लक्ष वेधणे इष्ट होईल. महाराष्ट्रात गाणाऱ्याच्या नावाला जी संबोधने जोडली जात, त्यांतून त्याचे सामाजिक स्थान, धर्म आणि विद्येचा उगम ही सर्व सूचित होत. ‘खाँसाहेब’ म्हटले की घराण्याची रक्तपरंपरा डोळ्यांपुढे येई. ‘बुवा’ या शब्दाला कीर्तनाचा व मठमंदिराचा वास होता. ‘मास्तर’ किंवा ‘मास्टर’ हे रंगभूमीशी निगडित होते, ‘बाई’ या शब्दात गाणाऱ्या स्त्रीविषयीचा आदर आणि समाजाने ठेवलेले अंतर ही दोन्ही एकाच वेळी असत, आणि ‘पंडित’ या शब्दाने शास्त्राधार सुचविला जाई.

या मालिकेत ‘प्रोफेसर’ हा शब्द उशिरा आला. मराठीत तो विद्यापीठाच्या बाहेरच आधी फोफावला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्कशीचे चालक, जादूचे प्रयोग करणारे, पेटीवादक हे सर्व आपल्या नावामागे ‘प्रोफेसर’ लावीत. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिकांवरही ही उपाधी छापलेली आढळते. येथे तिचा अर्थ ‘विद्यापीठातील पद धारण करणारा’ असा नसून ‘एखादी विद्या पद्धतशीरपणे जाणणारा व लोकांपुढे मांडणारा’ असा होता. वंशाने किंवा मठाने न दिलेली प्रतिष्ठा हा शब्द इंग्रजी विद्येकडून उसनी घेत होता. देवधरांना लोक प्रथमपासून ‘प्रोफेसर’ म्हणत ते याच अर्थाने. पुढे विद्यापीठीय अर्थानेही हा शब्द त्यांना लागू झाला. एकाच व्यक्तीच्या आयुष्यात शब्दाचे दोन्ही अर्थ सार्थ व्हावेत, असे क्वचित घडते.

ही प्रतिष्ठा ज्या वातावरणात रुजली ते गिरगावचे होते. १८७० मध्ये पारशी मंडळींच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेली गायन उत्तेजक मंडळी, वाळकेश्वरी १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांचे ग्रंथकार्य, आणि लाहोरात १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढून १९०८ मध्ये मुंबईस आलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांचा विद्यालयाचा प्रयोग, यांनी संगीत हे मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलामुलींनी शिकण्याजोगे आहे असा विश्वास निर्माण केला. मिरजेस जन्मलेले देवधर हे पलुसकरांचे शिष्य. १९२०च्या दशकाच्या मध्यास कर्जापायी गुरूंच्या हातून मुंबईतील इमारत गेली. त्याच सुमारास शिष्याने ऑपेरा हाऊसजवळ फ्रेंच ब्रिजपाशी आपले लहानसे विद्यालय थाटले. गुरूंच्या भव्य गुरुकुलाची जागा येथे नोकरी-शाळा सांभाळून शिकावयास येणाऱ्यांच्या वर्गाने घेतली. हा फरक केवळ प्रमाणाचा नव्हता. गुरुगृही अहोरात्र राहणाऱ्या शिष्याला शब्दांची गरज थोडी असते, कारण त्याच्या कानावर सतत गाणे पडत असते. आठवड्यातून ठराविक तास येणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र मधल्या काळात बरोबर नेता येईल असे काहीतरी द्यावे लागते. ते म्हणजे वही आणि वहीतले शब्द.

३

परंपरागत तालमीची भाषा कोणत्या प्रकारची होती, हे पाहिल्यावाचून या बदलाचे महत्त्व कळणार नाही. उस्ताद शिष्याला समोर बसवून म्हणे, ‘ऐसा कहो’, आणि एक स्वरसमूह गाऊन दाखवी. शिष्य तो उचली. चुकला तर ‘ऐसा नहीं, ऐसा’ एवढेच शब्द येत आणि स्वरसमूह पुन्हा गाइला जाई. मराठी बुवांच्या तालमीतही ‘हे असे घे’, ‘इथे थोडा थांब’, ‘एवढे नको’ अशीच वाक्ये असत. या वाक्यांतील अर्थवाहक शब्द कोणते? ‘असे’, ‘इथे’, ‘एवढे’. व्याकरणात ज्यांना दर्शक म्हणतात त्या वर्गातील हे शब्द आहेत. त्यांना स्वतःचा असा ठाम अर्थ नसतो. ज्या क्षणी, ज्या स्थळी, ज्या वस्तूकडे बोट दाखवून ते उच्चारले जातात, त्यावर त्यांचा अर्थ अवलंबून राहतो. कार्ल ब्यूलर या जर्मन पंडिताने १९३४ साली भाषेची जी दोन क्षेत्रे कल्पिली, त्यांपैकी दर्शनाच्या क्षेत्रातले हे शब्द; दुसरे क्षेत्र प्रतीकांचे. तालीम ही जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या क्षेत्रात चाले.

‘कहो’ या क्रियापदाकडेही पाहावे. हिंदीत गाण्यासाठी ‘कहना’ आणि मराठीत ‘म्हणणे’ ही क्रियापदे सर्रास वापरली जातात. गाणे म्हणणे, कविता म्हणणे, पाढे म्हणणे, आरती म्हणणे, या सर्वांत एक समान सूत्र आहे : जे आधी कोणीतरी म्हटलेले आहे ते पुन्हा तसेच उच्चारणे. बोलणे हे नवे असू शकते, म्हणणे हे बहुधा ऐकलेल्याचे अनुवचन असते. परळ-लालबागच्या चाळींतील भजनी मंडळांत अभंग याच रीतीने एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या मुखात गेला. तेथे वही असली तरी ती शब्दांची असे, चालीची नव्हे. चाल कानाने घेतली जाई.

तालमीच्या भाषेत दर्शकांशिवाय दुसरा एक वर्ग होता, तो संज्ञांचा : मींड, गमक, आस, खटका, मुरकी, लगाव, जागा, ठहराव. या संज्ञा वर्णनात्मक वाटतात खऱ्या, पण प्रत्यक्षात त्याही अर्ध्या दर्शकच होत. ‘जागा’ म्हणजे काय हे ज्याने जागा ऐकलेली नाही त्याला कोणतीही व्याख्या सांगू शकत नाही. मराठीत ‘सूर लावणे’ आणि ‘सूर लागणे’ ही जी जोडी आहे ती तर विशेष मननीय आहे. सूर लावणारा कर्ता असतो. तेथे प्रयत्न आहे, हेतू आहे. सूर ‘लागतो’ तेव्हा कर्ता मागे सरतो आणि झोप लागणे, भूक लागणे, ठेच लागणे यांप्रमाणे ती गोष्ट गायकाच्या बाबतीत घडते. ‘आज बुवांचा आवाज लागला नाही’ या साध्या वाक्यात पेशेवाईक गायकाचा जन्मभराचा अनुभव साठविलेला आहे : पूर्ण साधना असूनही जे हुकमी येत नाही, ते भाषेने अकर्तृक क्रियापदाच्या स्वाधीन केले आहे. अध्यापकाला नेमके या दोहोंमधले अंतर कमी करावयाचे असते. जे ‘लागते’ ते ‘लावता’ कसे येईल, हा त्याचा प्रश्न असतो.

४

दर्शनाच्या क्षेत्रातून प्रतीकाच्या क्षेत्रात जाण्याचा पहिला मार्ग स्वरलेखनाचा होता. देवधर ज्या काळात शिकले त्या काळात महाराष्ट्रात दोन लिपी प्रचारात होत्या : एक पलुसकरांची, दुसरी भातखंड्यांची. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध केवळ संकेताचा असतो, हे भाषाविज्ञानातील तत्त्व विद्यार्थ्यांना समजावून देण्यास या दोन लिपींइतके चांगले उदाहरण विरळा. भातखंडे-लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तार सप्तकाचा होतो. पलुसकर-लिपीत तेच डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखविते. कोमल स्वर दर्शविण्यास एका लिपीत अक्षराखाली आडवी रेघ आहे, दुसरीत अक्षराचा पाय मोडला जातो. भातखंड्यांनी समेला फुलीचे चिन्ह व खालीला शून्य दिले. पलुसकरांनी समेला एकाचा आकडा दिला व खालीला अधिकाचे चिन्ह. एका विद्यालयात वाढलेला विद्यार्थी दुसऱ्या विद्यालयाची वही उघडताच गोंधळून जाई. लिपी दोन झाल्या की वाचकसमाजही दोन होतात, हा अनुभव भाषांच्या इतिहासात जितका परिचित आहे तितकाच तो येथेही आला.

भातखंड्यांचा लिपीहून मोठा विशेष त्यांच्या ग्रंथरचनेत आहे. १९१० पासून मराठीत प्रसिद्ध होत गेलेली त्यांची ‘हिंदुस्तानी संगीत पद्धति’ ही गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या विद्वानाला रागाची लक्षणे सूत्ररूपाने मांडता आली नसती असे नाही. तथापि शिष्याची शंका, गुरूचे उत्तर, पुन्हा शंका, असा क्रम त्यांनी पत्करला. ग्रंथ छापील असला तरी ज्ञानाचा मूळ आकार बोलीचा आहे, ही जाणीव त्या निवडीत दिसते.

देवधर पलुसकरांच्या परंपरेतले. पण भातखंड्यांच्या कार्याविषयी त्यांनी आदराने लिहिले. दोन्ही आचार्यांची चरित्रे ज्या एका लेखणीतून उतरली, तिला या दोन संप्रदायांतील भिंत मान्य नव्हती हे उघड आहे. त्यांच्या ‘रागबोध’ या क्रमिक पुस्तकमालेचे प्रयोजनही असेच व्यवहारी होते. स्वरलिपी ही गाण्याची जागा घेणारी वस्तू नसून ऐकलेल्या गाण्याची आठवण जागी करणारी खूण आहे, हे जो अध्यापक विसरत नाही, त्याच्या हातीच असे पुस्तक सुरक्षित राहते.

५

दुसरा मार्ग अधिक अपरिचित होता. देवधरांनी मुंबईतील जोव्हानी स्क्रिंझी या इटालियन संगीतज्ञाकडे पाश्चात्य संगीताचे शिक्षण घेतले. पलुसकरांच्या शिष्यवर्गात ही गोष्ट असामान्य होती. या अभ्यासातून हिंदुस्थानी संगीतात स्वरसंवादाची भर घालावी असा मोह एखाद्याला झाला असता. देवधरांना त्यातून जे विशेष मोलाचे लाभले ते निराळे होते : आवाज ही देणगी असली तरी तो एक शारीर व्यापारही आहे आणि त्या व्यापाराचे वर्णन करता येते, ही दृष्टी.

आपल्या परंपरेत आवाजाविषयीचे उपदेश पुष्कळ होते. पहाटे खर्ज भरावा, आकारात गावे, अमुक खाऊ नये, तमुक प्यावे. पण श्वास कोठून घ्यावा, जबडा किती सैल असावा, जिभेचे मूळ कोठे राहावे, स्वर चढताना मानेच्या स्नायूंवर ताण का येतो, यांविषयी बोलण्यास शब्दच नव्हते. ‘आवाज मोकळा सोड’ हे सांगितले जाई. मोकळा म्हणजे काय, हे पुन्हा गाऊनच दाखवावे लागे. येथे अडचण अशी की आवाजाच्या बाबतीत अनुकरण धोक्याचे असते. गुरूचा गळा आणि शिष्याचा गळा यांची घडण एक नसते. पुरुष गुरूच्या पट्टीत गाण्याचा प्रयत्न करणारी विद्यार्थिनी, किंवा वृद्ध उस्तादाच्या आवाजातील घोगरेपणा हाच घराण्याचा अलंकार समजून तो उचलणारा तरुण, ही या धोक्याची नेहमीची उदाहरणे होत. चीज आणि राग दर्शकांनी शिकविता येतात. आवाज केवळ ‘असा’ म्हणून शिकविला तर शिष्याच्या गळ्याला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून या क्षेत्रात वर्णक भाषेची गरज सर्वांत अधिक आणि सर्वांत तातडीची होती.

इंग्रजीतील ‘व्हॉइस कल्चर’ या संज्ञेसाठी मराठीत आवाजसाधना, आवाजजोपासना असे शब्द रूढ झाले. ‘साधना’ या शब्दात साधकाचा निग्रह प्रधान आहे. आवाज हे तेथे प्राप्तव्य आहे. ‘जोपासना’ या शब्दात रोपट्याची कल्पना आहे. आवाज आधीच आहे, त्याला केवळ योग्य ऊन-पाणी द्यावयाचे. पहिला शब्द गुरुगृहातून आलेला आहे, दुसरा शारीरविज्ञानाला जवळचा आहे. देवधरांच्या कार्यात दोन्ही दृष्टी एकत्र नांदतात. परक्या विद्येकडून वर्णनाची पद्धत घ्यावी, पण वर्णनाचा विषय आपल्याच गळ्यातला ठेवावा, असा हा विवेक होता. दोन भाषांच्या संपर्कात जी भाषा केवळ शब्द उसने घेते ती परावलंबी होते, आणि जी विचार करण्याची रीत घेऊन आपल्या धातूंतून नवे शब्द घडविते ती समृद्ध होते. त्याच न्यायाने या संपर्काकडे पाहावे.

६

अध्यापनपद्धतीची कसोटी अखेर शिष्याच्या ठिकाणी लागते. १९३०च्या दशकाच्या मध्यास देवधरांच्या विद्यालयात अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्याचे नाव. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली कन्नडभाषी कुटुंबात त्याचा जन्म झाला होता आणि ‘कुमार गंधर्व’ या उपाधीने तो आधीच गाजत होता. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांची गायकी हुबेहूब उठविणे ही त्याची ख्याती. १९३६ साली मुंबईच्या जीना हॉलमधील संगीत परिषदेत त्याचे गाणे ऐकून जाणकार थक्क झाले.

भाषिक दृष्टीने या मुलाची अवस्था विलक्षण होती. जे इतर शिष्यांना वर्षानुवर्षांच्या तालमीने येते, ते त्याला केवळ श्रवणाने येत होते. दर्शनाच्या क्षेत्रात तो पूर्णत्वाला पोहोचलेला होता; ‘असे’ म्हटले की तो तसे गात असे. अशा मुलाला आणखी ‘असे’ दाखविणे म्हणजे त्याच्या नकलांच्या संग्रहात एका नकलेची भर घालणे. ज्याला परक्या भाषेतील वाक्ये अचूक उच्चारता येतात पण त्या भाषेत स्वतःचे वाक्य रचता येत नाही, त्याला व्याकरण शिकवावे लागते. हे वाक्य असे का आहे, याला पर्याय कोणते होते, बोलणाऱ्याने हाच पर्याय का निवडला, हे प्रश्न त्याच्या मनात उत्पन्न करावे लागतात.

देवधरांचे विद्यालय यासाठी सोयीचे होते. त्याला एका घराण्याचे कुंपण नव्हते. देवधर स्वतः अनेक घराण्यांच्या गवयांच्या सहवासात राहून संग्रह करीत. फकिरी वृत्तीने मुंबईत वावरणाऱ्या सिंदे खाँसारख्या गायकाकडूनही त्यांनी विद्या घेतली. पुढील काळात बडे गुलाम अली खाँ यांच्याशी त्यांचा निकट स्नेह जडला. एकाच रागाची निरनिराळी रूपे एकाच छताखाली ऐकावयास मिळू लागली की तुलना अटळ होते, आणि तुलना सुरू झाली की ‘असे’ या शब्दाच्या जोडीला ‘का’ हा शब्द येतो. कुमार गंधर्व या विद्यालयात सुमारे एक तप राहिले. तेथेच ते पुढे शिकवूही लागले. शिकविणे म्हणजे आपल्या गळ्यातले शब्दांत आणणे. अनुकरणाच्या अवस्थेतून बाहेर पडण्यास याहून प्रभावी उपाय नाही.

१९४८ च्या आरंभी क्षयरोगामुळे ते माळव्यात देवासला गेले. आजारातून उठल्यावर त्यांनी जे गाणे मांडले, ते कोणत्याही एका घराण्याची नक्कल राहिलेले नव्हते. माळव्यातील लोकगीतांच्या धुनांतून राग कसे उगवतात याचा त्यांनी घेतलेला शोध व १९६५ साली प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ, ही त्या प्रवासाची साक्ष होय. ही प्रतिभा विद्यालयाने दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. विद्यालयाने ती दडपली नाही आणि तिला प्रश्न विचारण्याची भाषा दिली, एवढे निश्चित म्हणता येईल. आणि ते थोडे नाही. संगीत-शाळांतून तानसेन निघत नाहीत, फार तर कानसेन निघतात, असे जे नेहमी म्हटले जाते, त्याला गिरगावातील हे एक उत्तर आहे.

७

तालमीची भाषा क्षणाला बांधलेली असल्याने तिच्यात स्मृतीचा प्रश्नही दडलेला असतो. उस्ताद गेला की त्याने दाखविलेले ‘असे’ कोणते, हे सांगणारा उरत नाही. पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने ‘विशारद’, ‘अलंकार’ अशा परीक्षांचे जाळे उभारले. परीक्षेसाठी रागाची लक्षणे लिहिता येतात. गायकाचे व्यक्तित्व लिहिता येत नाही. ही उणीव ओळखून देवधरांनी मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकातून गायकवादकांची चरित्रे लिहिली. ती पुढे ‘थोर संगीतकार’ या नावाने ग्रंथरूप झाली आणि १९९३ साली त्यांचा इंग्रजी अनुवादही निघाला.

या लेखांकडे सामान्यतः आठवणींचे वाङ्मय म्हणून पाहिले जाते. वास्तविक ते अध्यापनाचेच एक अंग आहे. एखाद्या गवयाचा आवाज कसा होता, तो स्वर कसा लावी, मैफलीत कोठे रेंगाळे, कोणत्या गोष्टीने चिडे, शिष्याला काय देई व काय राखून ठेवी, हे सर्व प्रसंगांच्या द्वारे सांगितले जाते. प्रसंगकथन ही दर्शक आणि वर्णक यांच्या मधली भाषा आहे. ती व्याख्या करीत नाही आणि गाऊनही दाखवीत नाही. ती वाचकाला त्या बैठकीत नेऊन बसविते. ज्यांनी विद्या लपविली अशा गायकांविषयीही देवधर कडवटपणाने लिहीत नाहीत. पेशेवाईक कलावंताच्या दृष्टीने विद्या हे त्याचे वतन होते; ते विद्यालयाच्या हवाली करताना त्याला काय वाटत असेल, याची जाण त्या लेखनात आहे. चिजा वहीत उतरवून घेणारा विद्यालयाचा माणूस उस्तादाच्या दृष्टीने संशयास्पद असणे स्वाभाविकच होते. देवधरांना जो विश्वास लाभला, तो ते स्वतः गवयी असल्याने व ऐकण्यासाठी कितीही वेळ बसावयास तयार असल्याने लाभला.

८

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात देवधर बनारस हिंदू विद्यापीठातील संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९५० साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य ओंकारनाथ ठाकूर हेही पलुसकरांचेच शिष्य. १९६४ साली देवधरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७६ मध्ये ‘पद्मश्री’ किताब. गिरगावातल्या वर्गातून विद्यापीठात झालेला हा प्रवास मानाचा होता. तथापि विद्यापीठात संगीताला स्थान मिळाले तेव्हा विद्यापीठाच्या अटीही त्याला लागू झाल्या. नियत अभ्यासक्रम, लेखी प्रश्नपत्रिका, प्रबंध आणि श्रेणी या सर्व गोष्टी प्रतीकाच्या क्षेत्रातल्या आहेत. तेथे लिहिता येईल त्यालाच गुण मिळतात.

मुंबईत या प्रश्नाचा पुढचा अध्याय देवधरांच्याच परिसरात तयार झालेल्या एका अभ्यासकाने लिहिला. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी गजाननराव जोशी यांच्याकडे गायनाची तालीम घेतली आणि आवाजशास्त्रात देवधरांचे मार्गदर्शन लाभून त्यांनी तो विषय पुढे नेला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक. हिंदुस्थानी संगीतातील संज्ञा व संकल्पना यांवरील त्यांचा १९९० चा इंग्रजी ग्रंथ म्हणजे तालमीतल्या अर्धदर्शक शब्दांना वर्णनाच्या कक्षेत आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न होय. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुखपदी राहिलेल्या प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी सरगम या गानप्रकारावर केलेले संशोधनही याच मालिकेत बसते. मैफल गाजविणारी गायिका आपल्याच गानक्रियेचा एक घटक अभ्यासविषय करते, तेव्हा पेशा आणि विद्यापीठ यांमधले अंतर एका व्यक्तीच्या ठिकाणी मिटलेले दिसते.

सर्वत्र मात्र ते मिटलेले नाही. संगीताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला रागाचे वादी-संवादी, थाट, समय, न्यासाचे स्वर ही सर्व माहिती तोंडपाठ असावी आणि तोच राग गाऊ लागल्यावर त्यातले काही दिसू नये, असे घडू शकते. उलट उत्तम गाणाऱ्याला आपण काय केले हे चार वाक्यांत सांगता येऊ नये, असेही घडते. पहिल्याजवळ प्रतीके आहेत, पण ती कशाकडे बोट दाखवितात ते त्याला ठाऊक नाही. दुसऱ्याजवळ दर्शन आहे, पण ते त्याच्या बरोबरच संपणारे आहे. देवधरांच्या कार्यापासून घ्यावयाचा बोध असा की या दोहोंपैकी एकाची निवड करणे हा उपाय नव्हे. वर्णक भाषा आवाजाच्या संगोपनासाठी हवी, तुलनेसाठी हवी, स्मृतीसाठी हवी; आणि तिचे प्रत्येक वाक्य शेवटी कोणीतरी गाऊन दाखविलेल्या ‘असे’ला बांधलेले हवे.

भाषेच्या अभ्यासकांना येथे एक काम उरते. स्वरलिपीत बंदिशी नोंदल्या गेल्या, ध्वनिमुद्रणांत मैफली साठविल्या गेल्या. तालमीतले बोलणे मात्र फारसे कोणी टिपले नाही. गुरू कोणत्या स्वरावर थांबला, कोणत्या शब्दाने थांबला, शिष्याने काय चुकीचे उचलले आणि ते दुरुस्त करताना गुरूने शब्द बदलला की केवळ स्वर पुन्हा लावला, ही सामग्री गिरगाव-दादरच्या घरांतून चालणाऱ्या शिकवण्यांत आजही उपलब्ध आहे. ध्वनिमुद्रणाची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्या बोलण्याचे लेखन व विश्लेषण झाले, तर मराठीतील दर्शक शब्दांच्या अभ्यासाला मोलाची भर पडेल, आणि गळ्यातले ज्ञान वहीत उतरताना नेमके कोठे अडते हेही प्रथमच पुराव्यानिशी सांगता येईल.